सुगंधाबाईंनी दाबलेला ‘एक’ रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा समन्वय अधिकारी,
हृदयशस्त्रक्रिया पाठपुरावा व पूर्वानुमान प्रकल्प,
नंदुरबार.

अर्जदार : लोटन दगा पाटील, राहणार कळसाडी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. धंदा शेती.

विषय : अर्जदाराच्या पत्नी कै. सुगंधाबाई यांनी फोनवर दिलेली ‘बरे आहे’ ही उत्तरे खरी नसल्याने ती संगणकातून काढून टाकणे, व त्या उत्तरांच्या भरवशावर घरी थांबवलेल्या सौ. गजराबाई अमृत पाटील यांना तातडीने तपासणीस बोलावणे याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा याच विषयावरील पहिला अर्ज.
२) त्यास आपल्या कार्यालयाकडून आलेले उत्तर.
३) अर्जदाराने आपल्या कार्यालयात मारलेल्या फेऱ्या. यांना जावक क्रमांक नाही.

महोदय,

अर्जदार हा साठीला टेकलेला शेतकरी असून त्याची उसाची व कापसाची शेती आहे. त्याला लिहिता-वाचता चांगले येते. गावच्या सोसायटीचे इतिवृत्त बरीच वर्षे त्याच्याच अक्षरात आहे. तरीही हा अर्ज त्याने दुसऱ्याच्या हातून लिहवला आहे, कारण बायकोच्या नावामागे ‘कै.’ लिहायची वेळ आली की त्याचा हात थांबतो, आणि एकदा थांबला की त्या दिवशी पुन्हा चालत नाही. म्हणून त्याचा भाचा नवनीत याने, मामा सांगेल तसे, हे लिहून घेतले आहे. नवनीतला साहेबी मराठी जेमतेम जमते आणि राग लवकर येतो. कुठे शब्द जास्त झाला तर तो भाच्याचा समजावा, अर्जदाराचा समजू नये. अर्जदार ऊसतोडीची टोळी न सांगता दुसऱ्याच्या फडात गेली तरी आवाज चढवत नाही.

१. आपला प्रकल्प आपणांस ठाऊक आहेच. परंतु आजवरच्या अनुभवावरून हा अर्ज कोणाच्या टेबलावर जाऊन पडेल याचा नेम नाही, म्हणून ज्याच्या टेबलावर पडेल त्याच्यासाठी थोडक्यात लिहितो. हृदयाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घरी गेला की पुढे त्याला काही गुंतागुंत होईल का, याचा अंदाज आपला संगणक बांधतो. रुग्णालयातल्या तपासण्यांचे आकडे त्याच्याकडे असतातच. शिवाय रोज सकाळी रुग्णाला फोन जातो. एका मुलीचा आवाज रुग्णाचे नाव घेऊन विचारतो, की दम लागतो का, पायांवर सूज आहे का, आडवे झोपता येते का, टाके कसे आहेत. बरे असेल तर एक दाबायचा, त्रास असेल तर दोन. त्यावरून रुग्ण हिरवा, पिवळा किंवा लाल ठरतो. लाल झाला तर गाडी येते, पिवळा झाला तर तपासणीला बोलावणे येते, आणि हिरवा असेल त्याने नेमलेल्या तारखेपर्यंत घरी थांबायचे असते. एका रुग्णाचे पुढे काय झाले, त्यावरून तशाच दुसऱ्या रुग्णाचा अंदाजही हाच संगणक बांधतो. योजना चांगली आहे. अर्जदाराची तिच्याविरुद्ध तक्रार नाही. नवनीतची आहे, पण त्याला कोणी विचारलेले नाही.

२. अर्जदाराच्या पत्नी सुगंधाबाई यांची दिवाळीनंतर बाहेरगावच्या मोठ्या रुग्णालयात हृदयाची झडप बदलली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, असे सर्वांनी सांगितले आणि ते खरेही असावे. साखरेचे दुखणे जुने असल्याने घरी येताना त्या संगणकात पिवळ्या होत्या. पुढे फोनवरची उत्तरे चांगली येत गेली आणि त्या हिरव्या झाल्या. त्या दिवशी सून सीमा हिने साजूक तुपातला शिरा केला आणि अर्जदाराने गल्लीत स्वतः वाटला. हिरवे झाल्याचा आनंद इतका होता की शिरा करायला सांगणारी बाई चुलीजवळ भिंत धरून उभी आहे, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

३. सुगंधाबाई हा फोन कसा घेत, हे आपल्या संगणकाला कळण्याची सोय नसल्याने येथे लिहिणे भाग आहे. फोन वाजला की त्या हातातले काम ठेवत, हात पुसत आणि डोक्यावरून पदर घेत. पलीकडची मुलगी “नमस्कार सुगंधाबाई” म्हणाली की त्या आधी तिची विचारपूस करत. “जेवनी का व माय? इतल्या सकायमा कामवर बसाडी दिन्हं का तुले?” एवढे बोलून झाले की मग एक दाबत. मुलगी त्यांच्या प्रश्नाला उत्तर देत नसे, पण शेवटी “आपला दिवस चांगला जावो” म्हणे, आणि तेवढ्यावर सुगंधाबाई खूश होत. अर्जदाराने एकदा सांगून पाहिले, की अगं, ते मशीन शे. त्यावर त्या हसल्या. “मशीन मन्हं नाव कसं काय लई? तुम्ही बी काहीबी सांगतस.” लग्न होऊन आल्यापासून मामीला तिच्या नावाने हाक मारणारी माणसे सासरी फार नव्हती. कोणी लखनची माय म्हणे, कोणी पाटलीणबाई. आपल्या यंत्राने रोज सकाळी तिला तिच्या नावाने हाक मारली, याबद्दल अर्जदार आभारी आहे आणि हे तो मनापासून म्हणतो.

४. आता मुख्य मुद्दा, म्हणजे बरे नसताना त्या ‘एक’ का दाबत होत्या. गेल्या वर्षी गावची आशा कार्यकर्ती भाविका हिच्या यादीतल्या एका गरोदर बाईची तब्येत बिघडली. तपासणीला आलेल्या कोणा साहेबांनी अर्जदाराच्याच ओट्यावर बसून, चार माणसांदेखत भाविकाला फैलावर घेतले. रोज घरोघरी जाऊन तू विचारतेस काय आणि लिहितेस काय, असे ते बोलले. साहेब गेल्यावर सुगंधाबाईंनी तिला आत नेले, तोंड धुवायला पाणी दिले आणि समोर बसवून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊ घातली. त्या दिवसापासून त्यांच्या मनाने पक्के घेतले, की आजारी कोणी का पडेना, विचारायला येणाऱ्या पोरीवरच खापर फुटते. त्यामुळे त्यांनी पायांची सूज भाविकालाही दाखवली नाही. भाविकाने विचारले की त्या म्हणत, “मी मजामा शे, तू पह्यले च्या पी.” आणि फोनवरच्या मुलीला तर नाहीच नाही. ती तर ओट्यावर येऊन बसणारीही नव्हती, की तिला भाकरी वाढून समजूत घालता यावी.

५. घरात काहीच दिसले नाही असे नाही. सुगंधाबाई आडव्या झोपत नसत. माजघरात कापसाचे गाठोडे होते, त्याला पाठ टेकून त्या बसल्या बसल्या डोळा लावत आणि म्हणत की आडवं झालं की टाके ओढतात. पायांतली जोडवी काढून त्यांनी पदराच्या टोकाला बांधली होती. सीमाने विचारले तर म्हणाल्या, “घासाले काढ्यात.” सुजलेल्या बोटांत ती रुतत होती, हे घरच्यांना फार उशिरा कळले. हे सगळे अर्जदाराच्या डोळ्यांसमोर होते. परंतु फोनवर हिरवे होते, आणि हिरवे म्हणणाऱ्यांकडे मोठमोठे डॉक्टर आहेत असे त्याला वाटत होते, म्हणून त्याने आपल्या डोळ्यांपेक्षा त्या रंगावर भरवसा ठेवला. याचे त्याला फार वाईट वाटते. दिवस गेले तसे ते कमी होईल, असे लोक सांगत होते. ते कमी झालेले नाही.

६. पौषातल्या एका सकाळी त्यांना बोलता येईना इतका दम लागला. अर्जदाराचा चुलतभाऊ अमृत याने आपली गाडी काढली. वाटेत एका डॉक्टरांनी प्राणवायू सुरू करून दिला आणि जिथे शस्त्रक्रिया झाली तिथेच ताबडतोब न्या, असे सांगितले. विसरवाडीच्या चौकात उसाचे ट्रक आणि बस यांच्यामध्ये गाडी अडकली. अमृत उतरून ट्रकवाल्यांना हात जोडत पुढे पळाला. सुगंधाबाई अर्जदाराच्या खांद्यावर मान टाकून बसल्या होत्या. तेवढ्यात अर्जदाराच्या खिशातला फोन वाजला. आपलाच फोन होता, नेहमीच्या वेळेचा.

अर्जदार दोन दाबणार होता. त्याने बोट ठेवलेही होते. पाण्याचा घोट गिळायची ताकद नसलेल्या त्या बाईने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतःच्या अंगठ्याने एक दाबला. मग एकेका शब्दाला थांबत म्हणाल्या, “दवाखानामा ते जाईच ऱ्हायनूत ना आपन. मंग त्या पोरले कसाले बोल लावानं? तिन्हा सायेब तिन्हावर रागे भरी.” त्या दिवशी ‘जेवनी का’ तेवढे विचारायचे राहिले. नवापूर यायच्या आधी मामी गेली.

७. लक्षणे ऐकून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पुढे अर्जदारास सांगितले, की बहुधा हृदयाभोवती पाणी साचत गेले असावे. वेळेवर आणले असते तर सुईने काढता आले असते. डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. अर्जदाराचा त्यांच्यावर राग नाही. त्यांना संगणकाने हिरवे दाखवले, संगणकाला सुगंधाबाईंनी, आणि सुगंधाबाईंच्या मनात कोणाचे वाईट करायचे नव्हते. या सगळ्यात रागवायचे कोणावर, हे अर्जदारास अजून ठरवता आलेले नाही. नवनीत मदत करायला तयार आहे.

८. योगायोग असा, की पाठपुराव्याची ठरलेली मुदत त्याच आठवड्यात संपत होती. त्यामुळे विसरवाडीच्या चौकात दाबलेला ‘एक’ हे शेवटचे उत्तर धरले गेले आणि सुगंधाबाईंच्या नावापुढे ‘पाठपुरावा पूर्ण, प्रकृती समाधानकारक’ अशी नोंद झाली. अर्जदाराने मृत्यूचा दाखला जोडून पहिला अर्ज केला, तेव्हा संदर्भ क्रमांक दोनचे उत्तर आले. त्यातील मुद्दे व त्यावरील अर्जदाराचे म्हणणे असे :

(अ) रुग्णाने दिलेले उत्तर बदलण्याचा अधिकार फक्त रुग्णास आहे, तरी रुग्णाने नोंदवलेल्या फोनवरून स्वतः विनंती करावी, असे आपण कळवले. फोन अर्जदाराच्या खिशात आहे. बाकीची पूर्तता त्याच्या हातची नाही.

(आ) रुग्णास ते शक्य नसल्यास वारसाने रुग्णाचे संमतीपत्र जोडावे, असेही कळवले. याबाबत अर्जदाराने खिडकीवर खुलासा मागितला असता, संमतीपत्र रुग्ण हयात असतानाचे चालेल, असे सांगण्यात आले. हयात असताना सुगंधाबाई खोटे बोलल्याचे पुढे दुरुस्त करावे लागेल, हे त्यांना माहीत असते तर त्या खोटे बोलल्या नसत्या, आणि मग हा अर्जही लागला नसता. अर्जदाराने हे तिथे बोलून दाखवले नाही. तो घरी आला आणि जेवला नाही.

(इ) मृत्यू रुग्णालयाबाहेर, रस्त्यात झाला असल्याने तो शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत धरावा किंवा कसे, याबाबत वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवले आहे, असे कळवले. वरिष्ठांना मार्गदर्शन करण्यास आणखी माणसे मरण्याची गरज पडू नये, एवढेच नवनीतचे म्हणणे आहे. अर्जदाराने हे वाक्य काढायला सांगितले होते. मग राहू दे म्हणाला.

९. झाल्या गोष्टीला इलाज नाही हे अर्जदारासही कळते. नोंद बदलून सुगंधाबाई परत येणार नाहीत. तरीही तो पुन्हा अर्ज करतो आहे, याचे कारण गजराबाई. त्या वरील अमृत यांची पत्नी, घर अर्जदाराच्या घराला लागूनच. माघ महिन्यात त्याच रुग्णालयात त्यांचीही तीच झडप बदलली. वय जवळपास तेच, साखरही तशीच. घरी सोडताना तिथल्या ताईंनी पडदा दाखवून धीर दिला, की घाबरू नका, तुमच्याच तालुक्यातल्या, तुमच्याच वयाच्या, हीच शस्त्रक्रिया झालेल्या एक बाई अगदी छान बऱ्या झाल्या, म्हणून यंत्र तुम्हालाही सुरुवातीपासून हिरवे दाखवते आहे. अमृतने हे घरी येऊन आनंदाने सांगितले. दुसऱ्या दिवशी अर्जदार त्या ताईंकडे गेला आणि ती छान बरी झालेली बाई कोण, असे त्याने विचारले. नाव सांगता येत नाही, असे ताई म्हणाल्या. मग त्यांनी भेटीच्या चिठ्ठीवर समोरच्या माणसाचे पूर्ण नाव वाचले आणि मान खाली घातली. त्या भल्या आहेत, त्यांना कोणी बोलू नये.

१०. गेल्या आठवड्यापासून गजराबाई भिंतीला टेकून झोपतात. होळी तोंडावर आली असून घरोघरी बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, घाटे शिजत आहेत. दरवर्षी अख्ख्या गल्लीचा घाटा एकटी हाटणारी ही बाई यंदा चार वेळा हलवून चाटू दुसरीच्या हातात देते आणि डोळ्यांत धूर गेला म्हणून बाहेर येऊन बसते. धूर गेलेल्या माणसाचे डोळे लाल होतात. गजराबाईंचे ओठ निळे दिसतात, असे सीमा सांगते.

११. मग घरच्यांनी उचलून दवाखान्यात का नेले नाही, असे आपण विचाराल. अमृतने रुग्णालयात फोन केला, तेव्हा यंत्रात हिरवे आहे, नेमलेल्या तारखेला या, असे उत्तर मिळाले. ते उत्तर ऐकून गजराबाईंना आणखी बळ आले आणि त्या गाडीत बसायलाच तयार नाहीत. अर्जदार नात्याने त्यांचा जेठ लागतो. आमच्याकडे धाकट्याची बायको जेठासमोर बोलत नाही, डोळ्यांपर्यंत पदर ओढून आत जाते. तेव्हा तिच्या पायांच्या सुजेबद्दल अर्जदाराने तिला विचारायचे कसे? तरी तो गेला. अमृतच्या ओट्यावर गल्लीकडे तोंड करून उभा राहिला आणि सुगंधाबाईंचे सगळे, जोडव्यांसकट, खांबाला सांगितले. आतून गजराबाईंनी सीमाला सांगितले आणि सीमाने बाहेर येऊन सासऱ्याला. “तुन्हा सासराले सांग, माले काय बी व्हयेल नही. आनि ती पोर रोज इतली गोड बोलस, तिले सकायमा सकायमा रडगानं कसाले सांगू? तिनं मन्हं काय बिघाडं?”

शब्द वेगळे असतील, पण बोलणे तेच. 

१२. त्यानंतर अर्जदाराच्या सांगण्यावरून अमृतने एका सकाळी बायकोचा फोन परस्पर घेऊन दोन दाबला. गजराबाई पिवळ्या झाल्या. घरात हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा आला आणि आपण काल त्रास असल्याचे सांगितले होते ते बरोबर आहे का, असे मुलीने विचारले. गजराबाई ओशाळल्या. मालकाकडून चुकून दाबले गेले असे पुटपुटत त्यांनी एक दाबला आणि त्या लगेच हिरव्या झाल्या. येथे अर्जदार आपल्या निदर्शनास आणू इच्छितो, की खऱ्याचे खोटे करायला आपल्या यंत्राने कोणतेही संमतीपत्र मागितले नाही.

१३. तरी अर्जदाराची आपणांस कळकळीची विनंती आहे की,

(क) सुगंधाबाईंनी दाबलेले सर्व ‘एक’ रद्द करावेत. त्या बऱ्या नव्हत्या. त्यांना दम लागत होता, त्यांचे पाय सुजले होते, त्यांना आडवे होता येत नव्हते आणि त्या वारल्या, असे लिहावे. त्या खोटे बोलल्या असे मात्र लिहू नये. यासाठी वेगळा रकाना नसेल तर ती जागा कोरी ठेवावी.

(ख) गजराबाईंना नेमलेल्या तारखेची वाट न पाहता बोलावून घ्यावे. घरच्या कोणाचे त्या ऐकत नाहीत, पण त्या मुलीचे ऐकतील, म्हणून बोलावणे त्याच आवाजात यावे. गाडी अमृत दारात उभी ठेवेल. तेवढेही जमत नसेल तर एखाद्या माणसाला पाठवून त्यांच्या पायांवर बोट दाबून पाहण्यास सांगावे. खळगा पडतो की नाही, हे पाहायला संगणक लागत नाही.

(ग) तिसरी विनंती लहान आहे. ते मशीन आहे, हे आम्ही सांगून काही होत नाही. अर्जदाराने सुगंधाबाईंना सांगून पाहिले, अमृतने गजराबाईंना सांगून पाहिले. जे सांगायचे ते त्या मुलीनेच सांगितले पाहिजे, तरच या बायकांना पटेल. आपल्या मुलीच्या तोंडी चार ओळी घालाव्यात. ‘आज कसे वाटते’ विचारण्याच्या आधी, पण नाव घेऊन झाल्यावर. त्या कोणत्या, हे अर्जदाराने या अर्जासोबत वेगळ्या कागदावर स्वतः लिहून दिले आहे. तो कागद लिहिताना त्याचा हात थांबला नाही, हे नवनीतने समोर बसून पाहिले आहे.

उद्या सकाळीही फोन येणार आहे. गजराबाई हात पुसतील, पदर घेतील आणि एक दाबतील. म्हणून हा अर्ज आवक-जावकमध्ये न अडकवता आजच्या आज पाहावा.

आपल्या उत्तराची नव्हे, तर शेजारच्या घरात फोन वाजण्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
लोटन दगा पाटील

लिहून घेणार : नवनीत, अर्जदाराचा भाचा

स्थळ : कळसाडी
दिनांक : ११ मार्च २०२५

सोबत :
१) कै. सुगंधाबाई यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) आपल्या कार्यालयाच्या उत्तराची प्रत.
३) फोनवरच्या मुलीने बोलावयाच्या ओळी, अर्जदाराच्या स्वतःच्या अक्षरात, पुढीलप्रमाणे :

“माय, मी पोर नही शे. मी मशीन शे.
माले भूक लागस नही, मी जेवस नही.
मन्हावर कोनी रागे भरस नही.
तुले काय व्हयी ऱ्हायनं, ते माले खरं सांग.”